बिनकामाचा समुद्र

रमजान ईदचा दुसरा दिवस, म्हणजे आपल्या भाषेत बासी ईद. असरची नमाज आटोपून आम्ही घरातली पाच माणसे घाटकोपरहून वर्सोव्याला निघालो. सोबत थर्मासमध्ये चहा, डब्यात ईदच्या उरलेल्या शेवया आणि एक चटई. मेट्रोच्या फलाटावर उभे असताना अम्मीने विचारले, "कुणाला सोडायला चाललोय आपण?"

मुले हसली. आम्हीही हसलो. पण नंतर तो प्रश्न मनातून जाईना. अम्मी सत्तरीला टेकली आहे. लग्न होऊन कोकणातून आली तेव्हापासून ती घाटकोपरलाच राहते. मुंबईचा समुद्र तिने पाहिला नाही असे नाही. पण दर वेळी काही निमित्ताने. एकतर कुणाला निरोप द्यायला, नाहीतर हाजीअलीला मन्नत फेडायला. काहीही काम नसताना, नुसते बसायला म्हणून समुद्राकडे जायचे असते, हे तिच्या हिशेबात कधी आलेच नव्हते.

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना सनावळ्या, तह आणि लढाया पाठ करायला लावतो. अम्मीच्या प्रश्नाने लक्षात आले की संध्याकाळच्या फेरफटक्यालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या घरांत फार जुना नाही.

आधी 'सोडायला' या शब्दाचे पाहू. आज हजला जाणारा माणूस विमानाने जातो. पण आपल्या वडीलधाऱ्यांचा हज मुंबईच्या गोदीतून सुरू होत असे. गावोगावचे हाजी मुसाफिरखान्यात उतरत, कागदपत्रे पुरी करत आणि मोगल लाईनच्या जहाजात चढत. धक्क्यावर हार, रुमाल, डोळे पुसणाऱ्या बाया. जहाज सुटले की कित्येक दिवस खबर नाही. मुंबई-जेद्दा ही समुद्रवाट १९९५ साली बंद झाली. त्या वर्षी 'अकबरी' या जहाजाने शेवटची फेरी केली. अम्मीने आपल्या वडिलांना असेच धक्क्यावरून निरोप दिला होता. तिच्या लेखी समुद्र म्हणजे माणूस लहान होत होत दिसेनासा होण्याची जागा.

त्याच्याही आधी समुद्र म्हणजे भाकरी. कोकणातल्या आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या तारवांवर आणि जहाजांवर कामे केली. कुणी तांडेल, कुणी सुकाणी, कुणी खलाशी. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता आणि १६७९ सालच्या खांदेरीच्या झुंजीत तो इंग्रजांशी लढला, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले ताठ बसतात. पुढे एकोणिसाव्या शतकात नाखुदा महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान मुंबईच्या मोठ्या जहाजमालकांत गणले जात. चीनच्या व्यापारात ते सर जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार होते. त्या व्यापाराचा मोठा माल अफू होता, हेही इतिहासाने लपवू नये.

आणि समुद्र म्हणजे भय. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. कोकणात पावसाळी दर्याचा विषय निघाला की म्हातारी माणसे अजून हे नाव घेतात. ज्या पाण्याने भाकरी दिली आणि माणसेही नेली, त्याच्याकडे पाहत भेळ खावी, हे त्या पिढ्यांना कसे सुचणार?

मग 'हवा खाणे' आले कुठून? मुंबईत हा रिवाज आधी साहेबांचा, मग शेटियांचा. संध्याकाळी त्यांच्या बग्ग्या अपोलो बंदराकडे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने फिरायला निघत. गिरणीत राबणाऱ्याला संध्याकाळच नव्हती. त्याला रविवारसुद्धा भांडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि गिरण्यांना रविवारची सुटी मान्य झाली ती १० जून १८९० रोजी. आज आपण रविवारी दुपारी लोळत पडतो, तेव्हा हे नाव आठवावे. सुटी आधी मिळाली, मगच गरिबाचा समुद्र सुरू झाला.

सुटीइतकीच गरज वाटेची. आपले घाटकोपर हे मुंबईच्या सात बेटांपैकी नव्हे. ते साष्टी बेटावर. मुंबई आणि साष्टी यांच्यामध्ये पाणी. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध १८०५ साली पुरा झाला. पश्चिमेला माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मात्र होड्यांवरच भिस्त होती. तिथला रस्ता १८४५ साली झाला तो जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशाने. सरकार खर्च करीना, तेव्हा त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि या वाटेवर टोल घेऊ नये अशी अट घातली. लेडी जमशेटजी रोडवरून जाताना ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? एका बाईने वाट मोफत ठेवायला लावली आणि त्या वाटेने शहर समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला सरकले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती आपल्या घाटकोपरच्या शिवारातूनच. पुढे पश्चिमेचीही गाडी झाली. पण दोन्ही गाड्या दक्षिण-उत्तर धावणाऱ्या. घाटकोपरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, चिखल, कांदळवन आणि मिठागरे. वाळूचा किनारा सगळा पश्चिमेला. मुले घेऊन समुद्रावर जायचे तर दादरला गाडी बदला, पूल चढा-उतरा, पुन्हा गर्दीत शिरा. नाहीतर अंधेरीपर्यंत बसमध्ये ताटकळा. म्हणून आमच्या लहानपणी समुद्र वर्षातून एकदा, ईदला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानके, वीस-बावीस मिनिटे. उतरल्यावर थोडी रिक्षा. लोक या मेट्रोला नोकरदारांची सोय म्हणतात. आम्ही तिला घाटकोपरला समुद्राशी जोडणारा तिसरा बांध म्हणतो.

सुटी झाली, वाट झाली. तरी एक गोष्ट उरते, आणि ती आपल्याच घरातली. आपल्या घरच्या स्त्रीला बाहेर पडायला कारण लागते. दवाखाना, शाळा, मय्यत, जियारत. हाजीअलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडते. या वाटेने कितीतरी बायांनी समुद्राचा वारा अंगावर घेतला, कारण ती जियारतीची वाट होती. तिथेही आतल्या मजारपर्यंत जाण्याची मनाई झाली, तेव्हा बायाच न्यायालयात गेल्या आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई बेकायदा ठरवली. हा हक्क मोठाच आहे. पण कसल्याही निमित्ताशिवाय, वारा खायला म्हणून अम्मीने किनाऱ्यावर बसावे, यासाठी कुठल्या न्यायालयात जायचे? ते आपणच ठरवायचे असते. मेट्रोला दहा वर्षे होऊन गेली, तरी अम्मीला आम्ही नेले नव्हते. दोष रेल्वेचा नव्हता.

वर्गात आम्ही एकदा विचारले, समुद्र कुणी कुणी पाहिला आहे? सगळे हात वर येतील असे वाटले होते. आले नाहीत. मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली मुले! पाच माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे, रिक्षा, वर खाणे. जरीकाम करणाऱ्या बापाचा तो दिवसाचा हिशेब बिघडवतो. तेव्हा वाट उघडली म्हणजे सगळ्यांसाठी उघडली असे नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता वर्सोव्याकडे येऊ. याचे मूळ नाव वेसावे, कोळ्यांचे गाव. खाडीपलीकडे मढ, तिथला किल्ला मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतला. अलीकडे हा किनारा कचऱ्याखाली गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने शेजाऱ्याला घेऊन प्लास्टिक उचलायला सुरुवात केली. दर आठवड्याला माणसे वाढत गेली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. कचरा पुन्हा येतो, पुन्हा उचलावा लागतो. आम्ही मुलांना ताकीद दिली होती: आपला कागद आपल्या पिशवीत.

पाणी ओसरत होते. चटई अंथरली, चहा ओतला. धाकट्याने विचारले, "पाणी मागे का चाललंय?" आम्ही शिक्षकी आवाज लावून गुरुत्वाकर्षण सांगणार, तोच अम्मी म्हणाली, "आज चाँदची दोन ना? चाँद नवा असला की दुपारी भरती आणि संध्याकाळी पाणी लांब. चौदाव्या चाँदलाही तसंच. सहा-सातला आलास तर या वेळी पाणी इथं चटईपाशी असेल."

आम्ही गप्प झालो. हा हिशेब बरोबर होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईला भर दुपारी उधाण असते आणि संध्याकाळी ओहोटी. पुढे भरती रोज सुमारे पाऊण तास उशिराने येते. म्हणजे ईदच्या दिवसांत संध्याकाळची वाळू नेहमीच रुंद. बासी ईदला समुद्रावर जाण्याचा आपला रिवाज कुणी ठरवून पाडला नसेल. पण समुद्र त्या दिवशी जागा करून देतो एवढे खरे. ज्या अम्मीला आम्ही समुद्र 'दाखवायला' आणले, तिला तो तोंडपाठ होता. खाडीकाठच्या माहेरी कालवे काढायला जाताना शिकलेला. तिला माहीत नव्हते ते एवढेच, की काम नसतानाही त्याच्यापाशी बसता येते.

मगरिबची वेळ होत आली तशी आम्ही चटई झाडली. अम्मीने पदर सावरला, वाळूत बुडालेल्या चपला शोधल्या आणि उभी राहिली. परतीच्या मेट्रोत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. आम्हाला वाटले, तसबीह. घाटकोपर आल्यावर म्हणाली, "चौदाव्या चाँदला कुठला वार येतो बघ. शाळेला सुटी असली तर जाऊ."