अँथनी गोन्साल्विस खरंच होते!

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

सुरुवात आमच्या सोयगावातल्या एका वरातीपासून. मित्राचं लग्न होतं. बँडवाल्यांनी ‘अमर अकबर अँथनी’मधलं ते गाणं धरलं, ज्यात अमिताभ ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो. नाचून दमलेल्या एका पोराने मला विचारलं, “दादा, हा अँथनी गोन्साल्विस कोण होता रे?” मी बिनधास्त सांगितलं, “कोणी नाही, सिनेमातलं नाव आहे.”

साफ चुकलो होतो. अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता आणि तो व्हायोलिन वाजवायचा.

त्यांचा जन्म १९२७ चा, गोव्यात मडगावजवळच्या माजोर्डा गावातला. वडील तिथल्या चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना अक्षरांबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपीही शिकवायचे. म्हणजे पाच रेघांवरचे ते काळे ठिपके. आपण बाराखडी घोकायचो, तसं तिथली पोरं हे घोकायची. १९४३ मध्ये अँथनी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. वय जेमतेम सोळा!

आता सिनेमाचं गाणं तेव्हा कसं बनायचं ते बघा. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. पण चाल म्हणजे पूर्ण गाणं नव्हे. स्टुडिओत पंचवीस-तीस वादक बसलेत, त्यांतल्या कोणी कधी काय वाजवायचं, मधला तुकडा कुठे सुरू होणार, गायिकेच्या मागे व्हायोलिनं किती हळू असणार, हे सगळं कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे अरेंजर. हे काम बऱ्याचदा गोव्याचे वादक करायचे, कारण स्वरलिपी त्यांना यायची. ‘महल’, ‘प्यासा’, ‘नया दौर’ अशा सिनेमांत अँथनी यांनी हे काम केलं. पडद्यावर मोठ्या अक्षरात नाव यायचं ते संगीतकाराचं. अरेंजर बहुतेक वेळा ‘सहाय्यक’, नाहीतर नावच नाही.

पण अँथनी यांना हिंदुस्थानी रागांचं वेड लागलं. त्यांना राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे होते. हे किती अवघड आहे, ते सोप्या उदाहरणाने सांगतो. भूप घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. म आणि नी वर्ज्य. पाश्चात्त्य संगीतात तीन-तीन स्वर एकदम वाजवून कॉर्ड बनते, आणि तीन मुख्य कॉर्ड म्हणजे सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. म्हणजे दुसरीत म आला, तिसरीत नी आला. झाला ना भूप खराब? तिकडच्या पद्धतीने गेलात तर राग मोडतो आणि राग सांभाळलात तर निम्मा वाद्यवृंद हात बांधून बसतो.

या कोड्याशी ते वर्षानुवर्षं झगडले. सारंग आणि तोडीवर त्यांनी मोठ्या रचना केल्या. १९५८ मध्ये स्वतः वाद्यवृंद उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. शंभराहून जास्त वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! विचार करा, वादकांची भलीमोठी फौज आणि मध्ये आपली लताबाई. पण सिनेमाबाहेरच्या या कामावर पोट भरेल, असे दिवस आले नाहीत. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, ते सिनेमा सोडून गेले, आणि परत आल्यावर माजोर्ड्यात शांतपणे राहिले.

इथे थोडं युरोपात जाऊया, कारण हे वाचताना मला दुसरा एक व्हायोलिनवाला भेटला. यानोश बिहारी, जन्म १७६४, हंगेरीतला रोमा. रोमा म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेली भटकी माणसं. त्यांच्या भाषेत अजूनही पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ म्हणतात. या बिहारीचं व्हायोलिन १८१४ च्या व्हिएन्ना परिषदेत जमलेल्या राजेरजवाड्यांनी ऐकलं. पण त्याला स्वरलिपी येत नव्हती! त्याच्या चाली दुसऱ्यांनी ऐकून लिहून ठेवल्या. १८२४ मध्ये घोडागाडीच्या अपघातात हात जायबंदी झाला आणि १८२७ मध्ये तो गरिबीत वारला. पुढे लिस्ट या मोठ्या संगीतकाराने आपल्या पुस्तकात त्याचं भरभरून कौतुक केलं, आणि नाव टिकलं.

गंमत बघा. बिहारीला एक ओळ लिहिता येत नव्हती, तरी नाव राहिलं. अँथनी आयुष्यभर पानंच्या पानं लिहीत राहिले, आणि नाव जवळजवळ पुसलं गेलं. म्हणजे नाव टिकतं ते दुसऱ्या कोणीतरी घेतलं म्हणून.

अँथनी यांचं नाव घेतलं त्यांच्या शिष्याने. लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला प्यारेलाल झाला. १९७७ च्या त्या गाण्यातलं नाव ही प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा. आपले समीक्षक अशोक राणे यांनी पुढे अँथनी यांच्यावर माहितीपटही केला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले.

हे मला एवढं का लागलं, तेही सांगतो. पहिल्या नोकरीत चार महिने राबून मी एक मॉड्यूल लिहिलं. डेमोच्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी उभं राहून ते ‘मी केलं’ म्हणून दाखवलं. मी गप्प बसलो. पण गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे नाव असतं, तिथे आजही माझंच आहे. जुन्या गाण्यांना गिट नव्हतं. आमच्याच तालुक्यातल्या अजिंठ्याच्या भिंतींनाही नव्हतं. एवढी चित्रं, आणि ती काढणाऱ्यांची नावं आज कोणालाच सांगता येत नाहीत.

वरातीतल्या त्या पोराला मी नंतर फोन करून खरं उत्तर सांगितलं. तो म्हणाला, “मग दादा, बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचं नाव काय?”

मला माहीत नव्हतं. पुढच्या लग्नात आधी तेच विचारणार आहे. तुम्हीही विचारा, आणि तुम्हाला काही शिकवलेल्या माणसाचं नाव आज कोणाला तरी सांगा.

भेटूया पुढच्या भागात.