इंगेमार स्टेनमार्क : ८६ विजय आणि दोन नियम

इंगेमार स्टेनमार्कचा जन्म १८ मार्च १९५६चा. उत्तर स्वीडनमधल्या लॅपलँडात, तार्नाबी नावाच्या जेमतेम पाचशे वस्तीच्या खेड्यात तो वाढला. याच खेड्याने पुढे स्टिग स्ट्रँड आणि आन्या पार्सन हेही विश्वचषकाच्या शर्यती जिंकणारे स्कीपटू दिले.

स्टेनमार्कचे प्रकार दोनच: स्लॅलम आणि जायंट स्लॅलम. दोन्हींत बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून डावी-उजवी वळणे घेत खाली यायचे असते. धर्माबादच्या शाळकरी पोरांना हे सांगायचे तर खो-खोत बसलेल्या गड्यांमधून साखळी काढत पळण्याचे उदाहरण पुरे; फक्त इथे मागे धावणारा कोणी नसतो, घड्याळ असते. उतार दोनदा उतरायचा आणि दोन्ही वेळांची बेरीज करायची. वळणावर स्की आडवी घसरली की वेळ गेलाच. स्टेनमार्क स्कीची कड बर्फात रुतवून वळे, म्हणून त्याचा वेग मोडत नसे.

विश्वचषकातली पहिली शर्यत त्याने डिसेंबर १९७४ मध्ये इटलीत मॅडोना दी कँपिलियोला जिंकली. १९७६, १९७७ आणि १९७८ अशी सलग तीन वर्षे हंगामभराच्या गुणांवर ठरणारे एकूण विजेतेपदही त्याचेच. मग गुणांचा नियम आडवा आला. प्रत्येक प्रकारातले सर्वोत्तम तीनच निकाल धरले जात. विजयाला २५ गुण. म्हणजे दोन प्रकार खेळणाऱ्याची धाव १५० वरच संपणार. १९७८-७९ च्या हंगामात स्टेनमार्कने १३ शर्यती जिंकल्या. जायंट स्लॅलमच्या दहाच्या दहा त्याच्या, आणि त्यांतली यास्नाची तर तब्बल ४.०६ सेकंदांनी. जिथे शतांशावर निकाल लागतो तिथे हे अंतर अचाटच. तरी हंगामाअखेर तो पाचवा आला आणि विजेतेपद स्वित्झर्लंडच्या पीटर ल्यूशरकडे गेले. नियम कोणावर डोळा ठेवून केला, हे उघडच होते. जादा गुणांसाठी डाउनहिल या तिसऱ्या, सरळ वेगाच्या प्रकाराचा सराव करू गेला तर सप्टेंबर १९७९ मध्ये त्याच्या डोक्याला जबर मार बसला.

त्यातून उठून फेब्रुवारी १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकात त्याने दोन्ही प्रकारांत सुवर्ण जिंकले. दोन्हीकडे पहिल्या फेरीअखेर तो मागे होता.

दुसरा नियम पैशाचा. जाहिरातीचे उत्पन्न थेट खेळाडूला घेऊ देणारा परवाना त्याच्याकडे होता. ऑलिंपिकवाल्यांचा हौशीपणाचा आव तेव्हा अजून सुटला नव्हता, त्यामुळे १९८४च्या साराएव्हो ऑलिंपिकची दारे त्याला बंद झाली. लिख्टनश्टाइनची स्कीपटू हानी वेंझेलही त्याच कारणाने बाहेर राहिली. १९८८ मध्ये कॅलगरीत तो परतला, स्लॅलममध्ये पाचवा आला.

शेवटचा विजय फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅस्पेनला मिळाला. एकूण ८६: ४६ जायंट स्लॅलममध्ये, ४० स्लॅलममध्ये. हा आकडा ३४ वर्षे टिकला. ११ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने ८७वा विजय मिळवला, तोही स्वीडनच्याच ओरे गावी.