जुन्या चादरीचं भूत



शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की घरोघरी एकच धांदल उडते. कुणाला जिजाऊ व्हायचं असतं, कुणाला भाजीवाली, कुणाला वासुदेव. मग आईचं लुगडं, आजोबांचा फेटा, पुठ्ठा, खळ असं सगळं बाहेर निघतं. अमेरिकेतल्या आयांची अशीच धांदल उडते ती हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला. त्या संध्याकाळी लहान मुलं भूत नाहीतर चेटकीण बनून दारोदार खाऊ मागत फिरतात. आज त्या पोशाखाची गोष्ट ऐकू या.

हा सण मूळचा आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना तिथे ‘साविन’ नावाचा सण असे. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात, अशी समजूत होती. आपल्याकडे पितृपंधरवड्यात पूर्वज जेवायला येतात असं मानतात ना, तसंच काहीसं. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळला हॅलोवीन हे नाव पडलं.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडची पोरं थोरांचे जुने कपडे घालत, तोंडाला काजळी फासत. सलगम नावाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवत आणि घरोघर जात. पण फुकट काही मिळत नसे. गाणं म्हणायचं, नाहीतर कविता, तेव्हा कुठे सफरचंद, सुका मेवा किंवा एखादं नाणं हातावर पडायचं. पोशाखाला पैसा लागत नसे. चुलीची काजळी आणि जुनं कापड प्रत्येक घरात होतंच.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं दगावली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांतली बरीच अमेरिकेला पोचली. सोबत सणही गेला. तिथे लाल भोपळा भरपूर, आणि कोरायलाही सोपा. म्हणून सलगमच्या जागी भोपळा आला.

मग दुकानदारांचं लक्ष गेलं. डेनिसन नावाची अमेरिकी कंपनी क्रेप कागद विकायची. तिने १९०९ मध्ये हॅलोवीनची पुस्तिका काढली. घरच्या घरी कागदाचा पोशाख आणि सजावट कशी करायची, ते त्यात दिलेलं असे. म्हणजे शिवणार घरची बाई, कागद मात्र कंपनीचा. १९३७ मध्ये न्यूयॉर्कला बेन कूपर कंपनी सुरू झाली आणि पातळ झगा व मुखवटा डब्यात घालून तयार मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ पर्यंत चाललं. ते उठल्यावर खाऊ मागण्याची प्रथा पुन्हा जोरात सुरू झाली, आणि तयार पोशाखही खपू लागले.

आता महत्त्वाचं ऐका. १९४० च्या दशकात तिथे मुलांसाठी घोडेस्वार गुराख्याचे पोशाख निघाले होते. त्यांवर लव असलेलं रेयॉनचं कापड होतं. ठिणगी पडली की ते भडकायचं. त्यात मुलं भाजली, काही दगावली. अशा घटनांनंतर १९५३ मध्ये अमेरिकेत ज्वालाग्राही कापडांविरुद्ध कायदा झाला. मुलं गेली, तेव्हा कुठे कायदा आला.

सख्यांनो, आपल्याकडे दिवाळीत अंगणभर पणत्या असतात, फटाके असतात. मुलाच्या अंगावर सैल झगा, लोंबती बाही किंवा क्रेप कागद असेल, तर त्याला दिव्यापासून लांब ठेवा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, आणि पातळ सुती कापडही भरकन पेटतं. कपडा पेटलाच तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, हे मुलांना आधीच शिकवा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद लावू नका. लगेच दवाखाना गाठा.

पोशाख करायचाच तर जुनी चादर काढा. दुहेरी घडी घाला, झबल्यासारखा गळा कापा. लांबी घोट्याच्या वर ठेवा, म्हणजे पाय अडकणार नाही. मुखवट्यातून नीट दिसत नाही, त्यापेक्षा काजळाच्या मिशा बऱ्या. आणि चार-पाच वर्षांच्या मुलालाही काम द्या. खळ लावणं, ठिपके रंगवणं त्याला जमतं. रेघ वाकडी आली तर येऊ द्या. विकतच्या डब्यात सगळं असतं, फक्त ‘हे मी केलं’ म्हणायची संधी नसते.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुनं कापड आणा. गॅदरिंगच्या आधी सगळ्या मिळून पोशाख शिवून टाकू, म्हणजे पोशाखापायी कुठलंच लेकरू मागे राहणार नाही.