ताई ची आणि आनापानसती : इतिहास काय सांगतो?

कराटे-कुंगफूचे सिनेमे पाहणाऱ्या आपल्या पोरांच्या तोंडी एक गोष्ट हमखास असते. भारतातून गेलेल्या बोधिधर्म भिक्खूने चीनला कुंगफू शिकवले, आणि ताई ची त्यातूनच निघाली! ऐकून आपलीही छाती फुगते. पण बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा मागायला शिकवले. तेव्हा ही गोष्टही तपासून घेऊ या.

शाओलिन विहार इ.स. ४९५ मध्ये एका भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला, हे खरे. पण जुन्या चिनी लिखाणात बोधिधर्म येतो तो ध्यानगुरू म्हणून; लढाईच्या कलेशी त्याचे नाव जोडणारा ग्रंथ थेट सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. ताई चीचा माग तर वेगळ्याच गावी लागतो. हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावी सतराव्या शतकात चेन वांगतिंग नावाच्या लढवय्याने ही कला बांधली, असे १९३० च्या दशकात तांग हाओ या संशोधकाने कागदपत्रे तपासून मांडले. याच गावात यांग लूचान (१७९९-१८७२) ही कला शिकला आणि पुढे त्याने ती बीजिंगमध्ये शिकवली. त्याचा नातू यांग चेंगफू याने तिला आजची संथ, सलग चाल दिली. १९५६ मध्ये चीन सरकारने सर्वसामान्यांसाठी २४ आसनांचा सोपा संच केला. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवी वारशाच्या यादीत घेतले.

आसनांची नावे मजेशीर आहेत : ढगासारखे हात, एकेरी चाबूक, पांढरा बगळा पंख पसरतो. आपल्या करावे खाडीत चिखलात एका पायावर उभा राहणारा बगळा आठवा. या आसनात सगळा भार मागच्या पायावर असतो, पुढचा पाय नुसता जमिनीला टेकलेला. एक हात डोक्याजवळ वर, दुसरा कमरेजवळ खाली. भार असलेला पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. हा फरक कळला की तोल जात नाही.

आता 'आतली शक्ती'. चिनी लोक तिला 'ची' म्हणतात. श्वास आणि प्राण असा तिचा अर्थ. बेंबीखाली तिचे ठाणे मानतात. डोके वरून दोरीने टांगल्यासारखे सरळ, खांदे व कोपरे सैल, हालचालीची सुरुवात कमरेतून आणि मन श्वासाबरोबर, हे तिचे नियम. जोर लावायचा नाही, ताण सोडायचा. ही कल्पना यिन-यांग या चिनी विचारातली आहे. 'ची' कुठल्या यंत्राने मोजता आलेली नाही. पण नियमित सरावाने म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारतो, पडणे कमी होते, हे वैद्यकीय अभ्यासांत दिसले आहे.

मग आपले काय गेले चीनला? फार मोठे गेले! इ.स. १४८ च्या सुमारास पार्थिया देशाचा भिक्खू आन शिगाओ लोयांगला पोचला. आनापानसतीचे, म्हणजे श्वासाच्या स्मृतीचे सूत्र त्याने चिनीत आणले असे मानतात. त्याच काळात इकडे कान्हेरीला कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानातून लेणी खोदली जात होती. भिक्खूंसाठी दगडात कोरलेले ओटे आजही तिथे बघायला मिळतात. सातव्या शतकात श्वान त्सांग महाराष्ट्रात येऊन गेला. म्हणजे ये-जा दोन्हीकडून होती.

साम्य जरूर आहे. सतिपट्ठानात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे हे चार इरियापथ जाणीवपूर्वक करायचे असतात. ताई चीतही पाऊल टाकताना मन पावलातच हवे. पण फरक मुळातला आहे. ताई चीत श्वास आणि शक्ती शरीरात फिरवायची असते. आनापानसतीत श्वास आहे तसा फक्त बघायचा, त्याला फिरवायचे नाही. तिथे हेतू तोल आणि आरोग्याचा, इथे तृष्णा ओळखण्याचा. एकाचे श्रेय दुसऱ्याला दिले तर दोघांवरही अन्याय होतो.

म्हणून बगीच्यात कुणी ताई ची शिकवत असेल तर आजी-आजोबांना जरूर पाठवा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि पोरांना सांगा : कुंगफू आपण दिले म्हणून आपण मोठे नाही. कालामांना तथागतांनी सांगितले, ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका. ही पारख करण्याची सवय, हाच आपला खरा वारसा.