दुब्बर, दुबळा आणि ‘लीन’ : एका कृशतावाचक इंग्रजी विशेषणाचा अर्थप्रवास

इंग्रजीतील ‘लीन’ हे कृशतावाचक विशेषण देवनागरीत लिहिताच त्याची गाठ एका सर्वस्वी वेगळ्या शब्दाशी पडते. मराठीतला संस्कृत ‘लीन’ म्हणजे नम्र, एखाद्या ठायी विरून गेलेला. इंग्रजीतला ‘लीन’ म्हणजे अंगावर चरबी नसलेला. हे साम्य केवळ उच्चाराचे आहे. ‘थिन’ हा दुसरा इंग्रजी शब्द संस्कृत ‘तनु’चा सगोत्र असल्याचे सर्वमान्य आहे, ‘लीन’चे मूळ मात्र वादग्रस्त राहिले आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘टेकणे, कलणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध काही अभ्यासक जोडतात. तो मान्य केल्यास ‘श्रि’ धातू आणि त्यापासून सिद्ध झालेला ‘आश्रय’ हे त्याचे दूरचे आप्त ठरतील.

व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाचा आहे तो या शब्दाचा व्यवहार. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये फारोहाच्या स्वप्नातील सात कृश गाई सात पुष्ट गाईंना गिळतात आणि तरीही कृशच राहतात. तेथून अवर्षणाच्या वर्षांना हे विशेषण चिकटले. शेक्सपिअरच्या सीझरला कॅशियसच्या अंगकाठीचे भय वाटते, कारण तिच्यामागे त्याला भूक दिसते. कृशतेच्या आड भूक उभी असणे हे या शब्दाच्या जुन्या वापराचे लक्षण होते. 1988 मध्ये जॉन क्राफसिक यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला हेच विशेषण लावले, 1990 मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या ग्रंथाने ते जगभर नेले, आणि उपासाची खूण कार्यक्षमतेची पदवी झाली. अर्थोत्कर्षाची उदाहरणे भाषांच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. परंतु ज्या शब्दाने दुष्काळ सांगितला त्याच शब्दाने कामगारकपातीचे समर्थन व्हावे, हे उदाहरण निराळेच म्हटले पाहिजे.

मराठीने हे दोन अर्थ एका शब्दात कोंबले नाहीत. ‘काटक’, ‘सडपातळ’, ‘शेलाटा’ ही एक रांग. ‘हडकुळा’, ‘किडकिडीत’, ‘खंगलेला’ ही दुसरी. ‘बारीक’ हा फारसीतून आलेला शब्द दोन्हींकडे ये-जा करतो आणि बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून राहतो. ‘रोड’ हे विशेषण आता बोलण्यात फारसे येत नाही; त्याचे क्रियापद तेवढे ‘संख्या रोडावली’ अशा वृत्तपत्री प्रयोगात टिकून आहे. मोल्सवर्थ व कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशापासून अशा विशेषणांना मराठी प्रतिशब्दांची माळ देण्याची प्रथा रूढ आहे. तिच्यामुळे शब्द मिळतात, निवड मात्र अनुवादकालाच करावी लागते.

ही निवड किती अवघड असते हे मराठी मुलुखाच्या सीमेपलीकडे अधिक स्पष्ट होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तो 1854 मध्ये संपला, तरी रायपूरमधील मराठी वस्ती राहिली. नव्या राज्याची राजधानी झालेल्या या शहरातील शंकर नगरसारख्या भागात मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि इंग्रजी एकाच दिवसात कानांवर पडतात. (‘शंकर नगर रोड’ या पत्त्यातल्या ‘रोड’मध्ये जुना मराठी अर्थ शोधण्याचा मोह येथे आवरलेला बरा.) संस्कृत ‘दुर्बल’ या एकाच शब्दाची येथे तीन रूपे भेटतात. हिंदी ‘दुबला’ शरीराने बारीक असतो. मराठी ‘दुबळा’ शरीराने कसाही असो, तो सामर्थ्यहीन व निर्धन असतो. ‘गरीब-दुबळे’ हा जोडशब्द त्याची साक्ष देतो. छत्तीसगढी ‘दुब्बर’मध्ये हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात.

‘दुब्बर ला दू असाढ़’ ही छत्तीसगढी म्हण या संदर्भात मननीय आहे. तिचे भाईबंद हिंदीतही आढळतात. 2015 साली आला तसा अधिक आषाढ आला की आषाढाचे दोन महिने होतात. दुब्बर हा बैल मानला तर त्याच्या मानेवर नांगरटीचा महिना दुणावतो. माणूस मानला तर कणगी रिकामी झाल्यानंतरचे, भाताचे पीक हाती येण्यापूर्वीचे दिवस लांबतात. अर्थशास्त्रीय अहवालांत ज्याला इंग्रजीत ‘लीन सीझन’ म्हणतात तो हाच काळ. मराठीत त्याचा अनुवाद ‘मंदीचा हंगाम’ असा केला, तर बाजार दिसतो आणि पोट अदृश्य होते.

वासाहतिक प्रशासनाला कृशतेच्या अर्थाचा हा प्रश्न अधिक कठोरपणे भेटला. पूर्वी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेले रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या दुष्काळात मदतकामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोहूनही खाली आणले. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी त्यास हरकत घेतली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. वाद धान्याच्या मापाचा होता, पण त्याच्या पोटात एक वर्णनाचा प्रश्न दडलेला होता : समोरच्या देहाचा बारीकपणा ही त्याची नित्याची ठेवण समजायची की उपासमार? छत्तीसगढासह मध्य प्रांताने 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ लागोपाठ सोसले, तेव्हाही मदतीस पात्र कोण हे ठरवताना अधिकाऱ्याची नजर हेही एक माप होते.

छत्तीसगढी म्हणीला मराठीत ‘दुष्काळात तेरावा महिना’ हा प्रतिरूप प्रयोग सहज सुचतो. पंचांगाचा आधार दोहोंना समान आहे, अधिक मासाचे ओझेही समान आहे. मात्र मराठी म्हणीत काळ उरतो आणि ज्याच्यावर तो कोसळतो तो कृश देह वगळला जातो. इंग्रजी अनुवादकाला ‘लीन’ वापरून तो देह परत आणता येईल. परंतु 1990 नंतरच्या वाचकाला त्या शब्दात चपळ कारखानाही ऐकू येईल, आणि दुब्बर बैलाला दोन आषाढ मिळणे ही त्याला कदाचित बढती वाटेल.