पाळणा लांबवायचा की थांबवायचा? सरकारी दवाखान्यातील मोफत पर्याय

मूर्तिजापूर : कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम देशात १९५२ पासून सुरू आहे. तरी खेड्यात आजही कुटुंब नियोजन म्हटलं की बाईचं ऑपरेशनच डोळ्यापुढे येतं. खालील सर्व पर्याय सरकारी आरोग्य सेवेत मोफत आहेत.

निरोध : दरवेळी नवा वापरावा. एचआयव्ही व गुप्तरोगापासूनही बचाव करणारं साधन हेच.

माला-एन : रोज एक गोळी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर घेऊ नये.

छाया : पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करावी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. पाळी मागेपुढे होते, कधी बंदही होते. म्हणून पोटात घाण साचते, हा गैरसमज आहे. मात्र इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून ७ ते १० महिने लागू शकतात.

तांबी (कॉपर-टी) : प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षे चालते. बाळंतपणानंतर ४८ तासांतही बसवता येते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात.

तातडीची गोळी : संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. नेहमीचा उपाय म्हणून घेऊ नये. राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही.

माणसाची नसबंदी सोपी

मूल नकोच असं पक्कं ठरलं असेल तरच नसबंदी करावी. बाईच्या ऑपरेशनमध्ये पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची, काही मिनिटांची असते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. ४८ तासांनी हलकं काम, आठवड्यानंतर सायकलसुद्धा चालते. डवरणी, फवारणी, पोते उचलणे, काहीच कायमचं सुटत नाही. मर्दानगीही कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि नंतर वीर्य तपासून घ्यावं.

बाईला स्वतःच्या नसबंदीसाठी नवऱ्याची संमती लागत नाही, हेही लक्षात ठेवावं.

बीपी, कावीळ, अंगावर जास्त जाणे असा त्रास असेल तर गोळी, इंजेक्शन किंवा तांबीआधी डॉक्टरांना सांगावं. निरोध व गोळ्यांसाठी गावच्या आशाताईंना विचारावं. तांबी, अंतरा व नसबंदीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. शक्यतो नवरा-बायको दोघांनी मिळून जावं.