न छापलेली घडणावळ

सराफाच्या दुकानी जाणाऱ्या गृहिणीस घडणावळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. एखाद्या सराफाने 'घडणावळ माफ' अशी पाटी लावलीच, तर ती भावात कोठेतरी मिळविली असणार, हे ती मनाशी ओळखून असते. अमेरिकेतील नगरपालिकांच्या रोख्यांत पैसे घालणाऱ्या सामान्य माणसास मात्र ही ओळख पटावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

रोखा म्हणजे कर्जाचा कागद. नळ, शाळा, पूल बांधावयाचे असले की नगरपालिका रोखे काढून लोकांकडून पैसा उचलते. (आपल्या पुणे महापालिकेनेही २०१७ साली पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले.) अमेरिकेत १९१३ च्या कायद्याने अशा रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर माफ झाला. गावांना स्वस्तात कर्ज मिळावे, हा ह्या सवलतीचा लाभ. पण गाव आणि सावकार ह्यांच्यामध्ये एक तिसरा गृहस्थ उभा होता.

शेअर घेऊन देणारा दलाल आपली दलाली पावतीवर लिहितो. रोख्यांचा व्यापारी तसे करीत नसे. तो रोखा स्वतः विकत घेई, चढ्या भावाने विकी, आणि मधला फरक खिशात टाकी. गिऱ्हाइकाच्या पावतीवर आकडा एकच. निळ्या कागदावर छापलेले 'ब्लू लिस्ट' नावाचे पत्रक रोज निघे खरे. कोणाकडे कोणता रोखा विक्रीस आहे ते त्यात कळे. सौदा अखेर कितीला तुटला, हे मात्र कळत नसे.

१९७६ च्या करकायद्याने म्युच्युअल फंडांना ही करमाफी आपल्या सभासदांपर्यंत पोहोचविण्याची मुभा दिली. पुढल्याच वर्षी व्हॅन्गार्डच्या जॉन बोगल ह्यांनी विक्रीचे कमिशन बंद केले आणि नगरपालिका-रोख्यांचे फंड अल्प दरात बाजारात आणले. हे काम मोठेच होते, ह्यात शंका नाही. आज अशा काही फंडांचा वार्षिक आकार शेकडा एक-दशांशाहूनही कमी आहे. दहा हजार डॉलरांमागे दहा डॉलरसुद्धा नाहीत. (उलट १९८० च्या नियमाने फंडांना जाहिरातीचा आणि विक्रीचा खर्चही सभासदांच्या पैशांतूनच वर्षानुवर्षे करण्याची सोय करून दिली, ती वेगळीच कथा.)

आता खरी गोम. फंडही रोखे व्यापाऱ्याकडूनच घेतो. भावात मुरलेला तो फरक वार्षिक आकाराच्या आकड्यात धरला जात नाही. परताव्यातून तो आधीच वजा होऊन जातो. फंड किती वेळा रोखे बदलतो, ह्याच्या टक्केवारीवरून त्याचा माग काय लागेल तेवढाच. फंड घाऊक गिऱ्हाईक असल्याने त्याला भाव बरा मिळतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. एकट्यादुकट्याची अवस्था फार वाईट. २००५ च्या जानेवारीपासून बहुतेक सौदे पंधरा मिनिटांत नोंदविण्याची सक्ती झाली. २००६ साली हॅरिस आणि पिवोवार ह्या दोन अभ्यासकांनी आधीच्या नोंदी तपासून दाखविले, की वीस हजार डॉलरांच्या किरकोळ सौद्यात खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर जवळजवळ २ टक्के असे. शेअरांच्या तेवढ्याच सौद्याला इतके पडत नसे! सामान्य गिऱ्हाइकाच्या पावतीवर हा फरक छापण्याचा नियम लागू झाला २०१८ च्या मे महिन्यात, तोही काही ठराविक सौद्यांपुरताच.

फंडात आणखी एक छुपा भार असतो. २०२० च्या मार्चमध्ये महामारीच्या भीतीने लोकांनी ह्या फंडांतून पैसे काढण्याचा सपाटा लावला. ते देण्यासाठी फंडांना पडत्या बाजारात रोखे विकावे लागले, आणि त्या विक्रीची झीज बसली ती घरी शांत बसून राहिलेल्या सभासदांना. बाहेर पडणाऱ्यानेच हा भार सोसावा, अशी योजना तेथील नियामकांनी २०२२ च्या नोव्हेंबरात मांडली. फंडांनी कडाडून विरोध केला. २०२४ साली नियम निघाले, त्यांत ती नव्हती.